येळवशीच्या पूजेला हवी होती जोडी

मंजुश्री खोटं बोलली नव्हती. समोरच्यानं जे गृहीत धरलं ते तिनं खोडलं नव्हतं, एवढंच. या दोन गोष्टींत नेमका किती फरक, याचा विचार ती लातुरात आल्यापासून करत होती आणि तो सुटत नव्हता.

लातुरात खोली भाड्यानं घेणाऱ्या बायकांना नवरा आहे का, असं कुणी विचारत नाही. कधी येणार, असं विचारतात. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरापोरींच्या मागोमाग त्यांच्या आया इथं येऊन राहतात, दोन वर्षं त्यांना करून घालतात, आणि नवरे आपापल्या गावी नोकरी नाहीतर दुकान सांभाळत मिळेल तिथं जेवतात. क्लासेसच्या आसपासच्या गल्ल्या अशा आयांनी भरलेल्या आहेत. त्यामुळं नांदेडची एक चाळिशीची बाई अकरावीतली मुलगी, दोन गाद्या आणि गॅसची शेगडी घेऊन टेम्पोतून उतरली, तेव्हा घरमालकीण शरणम्मा यांनी एकच चौकशी केली.

"साहेब कुठल्या खात्यात हायत?"

"पाटबंधारे," मंजुश्री म्हणाली.

ते खरं होतं. उमाशंकर नांदेडला पाटबंधारे खात्यातच कारकून होता. तो आता तिचा नवरा नव्हता, ही गोष्ट त्या उत्तरात आली नाही. ती पुढं कुठल्याच उत्तरात येईना.

मंगळसूत्राचंही तसंच झालं. फारकतीनंतर तिनं ते काढून कपाटात ठेवलं होतं. खोली बघायला निघायच्या सकाळी अंबिका म्हणाली, "आई, आजच्या दिवस घाल ना. उगं चौकशा नकोत." मुलीच्या बोलण्यात तथ्य होतं. घातलं. मग ते काढायला योग्य दिवस कुठला, हे काही ठरेना. बुधवारी गळ्यात आहे आणि गुरुवारी नाही, असं करायचं तर गुरुवारी काहीतरी घडलेलं असावं लागतं.

खरं म्हणजे क्लास नांदेडातही कमी नाहीत. पण नांदेडात सगळ्यांना माहीत होतं, आणि माहीत असलेल्या प्रत्येकाला कारण हवं होतं. तिथं तिची पंचाईत व्हायची. उमाशंकर दारू पीत नव्हता. त्यानं कधी हात उगारला नव्हता, दुसरी बाई नव्हती. सासूनं अंथरूण धरलं तोवर घरात बोलायला विषय होता: औषधं, पथ्य, रात्रीचं जागरण. सासू गेली आणि विषय संपला. तो यायचा, जेवायचा, बातम्या बघायचा, झोपायचा. असं तीन-चार वर्षं चाललं. एका रविवारी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "मला नाही राहायचं इथं." तो म्हणाला, "बरं."

वकिलानं अर्जात स्वभाव जुळत नसल्याचं लिहिलं. दोघांनी सह्या केल्या. त्या 'बरं'चं काय करायचं हे मात्र तिला कळलं नाही. त्यानं 'नको जाऊ' म्हणावं असं तिला वाटत होतं का? तसं म्हणाला असता तर ती राहिली असती का? सकाळी एक वाटायचं आणि दुपारी दुसरं.

लातुरात मात्र तिचं बस्तान बसलं, आणि तेही ठरवून नव्हे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या उदगीरच्या एका मुलीला ताप आला म्हणून तिनं चार दिवस खिचडी नेऊन दिली. मुलीची आई फोनवर म्हणाली, "रोजचाच डबा द्या की मग." तिच्या शेजारची देगलूरची मुलगी आली, मग पुढच्या गल्लीतल्या दोघी. वर्षभरात मंजुश्रीच्या ओट्यावर डब्यांची रांग लागायला लागली. घरभाडं तिचं ती देऊ लागली. कुणाकडं न मागता आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःसाठी मिक्सर घेतला आणि आठवडाभर तो खोक्यातून काढलाच नाही.

पण या सगळ्याचा पाया कुठला, हे तिला ठाऊक होतं. पोरींच्या आया गावाकडून फोनवर एकमेकींना सांगत, "बाई घरंदाज हाय. नवरा सरकारी नोकरीत हाय. काळजी करू नका." शरणम्मांनीही खोली याच हिशेबानं दिली होती. उद्या खरं कळलं तर खोली जाणार आणि खोलीच्या मागोमाग डबे जाणार. बारावीच्या ऐन परीक्षेत मुलीला घेऊन दुसरीकडं खोली शोधावी लागणार, आणि या वेळी मंगळसूत्र घालूनही उपयोग होणार नाही.

उमाशंकर महिन्यातून एकदा मुलीला भेटायला यायचा. येताना ज्वारी आणायचा, क्वचित हळद. गल्ली त्याला बघायची आणि निर्धास्त व्हायची. मंजुश्रीची अडचण वेगळी होती. त्याला हाक कशी मारायची? सतरा वर्षं ती 'अहो' म्हणत आली होती. आता 'अहो' म्हणावं तर कायद्यानं चूक, 'उमाशंकर' म्हणावं तर जीभ वळेना. म्हणून ती वाक्य मधूनच सुरू करायची. "चहा ठेवलाय." "अंबिका क्लासला आहे." तोही तसाच बोलायचा. बघणाऱ्याला वाटायचं, किती जुना संसार आहे.

शरणम्मा सत्तरीच्या. माहेर उदगीरकडचं, बोलण्यात मधूनच कन्नड यायचं; सगळे त्यांना अव्वा, म्हणजे आई, म्हणायचे. नवरा गुरुबसप्पा मार्केट यार्डात आडतीचा व्यापार करायचे. ते जाऊन चार वर्षं झाली होती. रविवारी दुपारी डबे गेले की मंजुश्री खाली त्यांच्याकडं टीव्ही बघायला जाई. हिवाळ्याच्या सुरुवातीला अशाच एका रविवारी एक पिक्चर लागला. त्यातल्या बाईला नवरा सोडतो. ती आधी रडते, मग केस कापते, कार शिकते, समुद्राच्या काठी हॉटेल काढते आणि शेवटी पाया पडायला आलेल्या नवऱ्याला तोंडावर सांगते, की आता माझ्याकडं तुझ्यासाठी वेळ नाही.

"बरं केलं बाईनं," शरणम्मा पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "आसंच पायजे. रडत बसून कुनाचं भलं झालंय?"

आत्ता सांगावं का? पण पिक्चरमधल्या त्या बाईचा नवरा बदमाश होता, हे दहाव्या मिनिटाला सगळ्यांना कळलं होतं. उमाशंकरचं काय सांगायचं? तो 'बरं' म्हणाला, हे? तिनं चहाचे कप उचलले आणि विसळायला नेले.

मार्गशीर्षातली अमावस्या जवळ आली. लातूर जिल्ह्यात तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी शहर ओस पडतं. दुकानं, क्लास, सगळं बंद. ज्याचं रान आहे तो रानात, ज्याचं नाही तो दुसऱ्याच्या रानात जेवायला. शरणम्मांचं रान मुरुडच्या अलीकडं होतं. कडब्याची खोप करायची, तिच्यात पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले दगड मांडायचे, पूजा झाली की ज्वारीच्या कडेकडेनं आंबील शिंपडायची. ही पूजा त्यांच्या घरात नवराबायकोनं जोडीनं करायची रीत होती. पुरुषानं आंबील शिंपडायची, बाईनं मागून मडकं घेऊन चालायचं. गुरुबसप्पा गेल्यावर मुलगा विरूपाक्ष आणि सून बसायची. या वर्षी सून बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि विरूपाक्ष तिच्याजवळ होता.

शरणम्मा जिना चढून वर आल्या. गुडघे धरून पायरीवरच बसल्या.

"अंबिकाच्या आई, येक काम हाय. न्हाई म्हनू नका."

"सांगा की, अव्वा."

"येळवशीला साहेबाला बोलवा. तुमी दोघं बसा पूजेला. घरचं मानूस न्हाई तर घरात राहनारी जोडी चालती. आमच्या सासूनं बी येकदा भाडेकऱ्यालाच बसवलं होतं."

"त्यांना सुट्टी... नांदेडला नसते त्या दिवशी."

"येका दिसाची रजा निघत न्हाई? सरकारी मानसं आजारी पडायची रजा घेऊन लग्नं करायलेत."

मंजुश्री हसली. त्या हसण्याला शरणम्मा होकार समजल्या आणि खाली उतरल्या.

तिनं उमाशंकरला फोन लावला तो 'येऊ नका' म्हणायला. हे तिनं नंतर स्वतःला पुष्कळदा बजावलं. फोनवर मात्र ती म्हणाली, "अव्वा येळवशीला बोलावतायत. पूजेला जोडी पाहिजे म्हणतात."

पलीकडं बातम्यांचा आवाज बारीक झाला.

"येतो की," उमाशंकर म्हणाला.

"जोडीनं बसायचंय."

"बसू. पाच मिनिटांचं काम आहे."

फोन ठेवल्यावर तिला राग आला. पण तो त्याचा, स्वतःचा, की शरणम्मांचा, हे धड समजेना. अंबिकानं पुस्तकातून डोकं वर काढलं. "म्हणजे तुम्ही नवराबायकोचं काम करणार? तुम्ही दोघं जा. माझी दुसऱ्या दिवशी टेस्ट आहे, मला यात घेऊ नका."

येळवशीच्या सकाळी उमाशंकर पहिल्या गाडीनं आला. पांढरा सदरा नवा होता; घडीच्या रेषा तशाच होत्या. मंजुश्रीनं ते पाहिलं आणि त्याचा अर्थ लावायचं टाळलं. टेम्पोत मागं बायका, पातेली आणि आंबिलीचं मडकं; पुढं ड्रायव्हरशेजारी उमाशंकर. मुरुडच्या रस्त्याला वाहनांची रीघ लागली होती.

रान वाट्यानं करणारा नरसिंग आणि त्याची बायको नीलाबाई यांनी खोप बांधून ठेवली होती. तुरीच्या शेंगा, वाटाणा, हरभऱ्याची भाजी, चिंचेचा कोळ, बेसन असं सगळं एकत्र शिजणारी भज्जी चुलीवर रटरटत होती. शरणम्मांचे भाऊबंद, यार्डातली ओळखीची माणसं सतरंजीवर बसली होती.

"या साहेब," नरसिंगनं उमाशंकरला पाण्याची कळशी दिली. "आज मालक तुमीच. पाय धुवा. बायकूच्या पुढं चालायचं हाय, ही संदी वर्सातनं येकदाच गावती."

"तुला तर ती बी गावत न्हाई," नीलाबाई भाकरी थापता थापता म्हणाली. सगळे हसले. उमाशंकरही हसला. त्याला असं माणसांत हसताना मंजुश्रीनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि ते बघून तिचा गोंधळ आणखी वाढला. पाच मिनिटांचं काम आहे, ती मनात म्हणाली. कुणाचं काय जातं?

खोपीपाशी पाट मांडले. उमाशंकर जाऊन बसला. शरणम्मांनी पिशवीतून एक उपरणं काढलं. जुनं, पण स्वच्छ धुतलेलं, मऊ झालेलं.

"मालकाचं हाय हे," त्या मंजुश्रीच्या कानाशी हळू आवाजात म्हणाल्या. "शेवटच्या येळवशीला त्यांच्या खांद्यावर हेच होतं. विरूपाक्षाला बी दिलं न्हवतं मी. तुमची गाठ मी ह्याच्याच पदराला बांधते. या, बसा."

मंजुश्रीचा पाय उचलेना. इथवर तिनं कुणाला काही दिलं नव्हतं आणि कुणाचं काही घेतलं नव्हतं, असा तिचा समज होता. त्या उपरण्याकडं पाहिल्यावर तो टिकेना.

"अव्वा, थोडं बाजूला या."

"मुहूर्त—"

"या तर."

तुरीच्या आडोशाला गेल्यावर ती म्हणाली, "आम्ही नवराबायको नाही."

"मंजे? मग अंबिका कुनाची?"

"आमचीच. लग्न झालं होतं. आता फारकत झाली. इथं यायच्या आधीच."

"आन् ते दर म्हैन्याला येतेत ते?"

"मुलीला भेटायला."

शरणम्मांनी तुरीचं एक पान तोडलं, चुरगाळलं, टाकून दिलं. "संक्रांतीला मी तुमाला पयलं वाण दिलं."

"हाव."

"तुमी घेतलं."

"घेतलं. अव्वा, त्या दिवशी पिक्चरमधल्या बाईला तुम्हीच बरं म्हणालात..."

"ती बाई माझ्या घरात राहून खोटं बोलली का?" शरणम्मांचा आवाज चढला. मग त्यांनी सतरंजीकडं पाहिलं आणि तो खाली आणला. "आता सांगायलात! मानसं ताटावर बसायलीत. कुनाला बसवू मी?"

"मी एकटी बसले तर..."

"गप ऱ्हावा जरा. इचार करू द्या."

त्यांनी विचार केला असावा. पदर कपाळावर ओढला आणि खोपीकडं चालत गेल्या. "नरसिंग, नीलाबाई, हात धुवा. तुमी बसा."

"आमी?" नीलाबाई पिठाच्या हातानं उभी राहिली. "आमच्या वाट्याच्या रानात बसलाव की सकाळी."

"मग दुसऱ्यांदा बसा. पांडव न्हाई म्हनत न्हाईत. साहेबांच्या... साहेबाला बरं वाटंना."

उमाशंकर पाटावरून उठला. त्याला चांगलं बरं वाटत होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. भाऊबंदांनी एकमेकांकडं पाहिलं. शरणम्मांनी उपरण्याची घडी घालून ते पिशवीत ठेवलं. गाठ नरसिंगच्या पंच्याला बांधली गेली. तो आंबील शिंपडत पुढं निघाला, नीलाबाई मडकं घेऊन मागं. विरूपाक्ष आला असता तर झाली असती तशीच पूजा झाली.

जेवणं झाल्यावर उमाशंकर बांधावर बसला होता. मंजुश्री त्याला पान द्यायला गेली आणि तिथंच थांबली.

"सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"हो."

"मला आधी सांगायचंस. मी पाटावर बसलो होतो."

"चुकलं."

त्यानं पान हातात धरलं, खाल्लं नाही. "मला वाटलं, तू बोलावलंस."

"अव्वानं बोलावलं."

"फोन तू केलास."

"येऊ नका म्हणायला केला होता."

"मग म्हणाली का नाहीस?"

तिनं ज्वारीकडं पाहिलं. कणसं भरत आली होती. "तुम्ही तरी 'येतो' का म्हणालात? सगळ्याला बरं म्हणायचं, येतो म्हणायचं. त्या रविवारी पण बरं म्हणालात."

"मग काय म्हणायला पाहिजे होतं?"

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. आणि तो माहीत करून घ्यायला बघतोय, हे लक्षात आल्यावर तिला दिसलं, की आपल्यालाही माहीत नाही. इतकी वर्षं ती त्याच्याकडून जे उत्तर मागत होती त्याचा मजकूर तिनं कधी ठरवलाच नव्हता.

"मला नाही सांगता येत," ती म्हणाली.

"बरं," उमाशंकर म्हणाला, आणि लगेच ओशाळला. मग मुरुडच्या फाट्यावरून परस्पर गाडी धरतो म्हणून निघाला. नवा सदरा दुपारच्या उन्हात लांबवर दिसत राहिला. आपल्याला हायसं वाटतंय की वाईट, हे तपासायचा मंजुश्रीनं प्रयत्न केला. दोन्ही वाटत होतं.

परतीच्या टेम्पोत शरणम्मा पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या. दोन दिवस खालून हाक आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मंजुश्रीच खाली गेली आणि दारातच उभी राहिली.

"अव्वा, खोली कधी सोडू?"

शरणम्मा शेंगा सोलत होत्या. "मी सोडा म्हनले का?"

"नाही. पण..."

"पोरीची परीक्षा होऊ द्या. फुडचं फुडं बघू. मला बी अजून कळंना, मी तुमच्यावर कशापायी चिडले. फारकतीवर का, वाणावर." त्यांनी टरफलं सुपात झटकली. "पर येक सांगते. पोरींच्या आया मला फोन करून तुमचं इचारतेत. त्यांच्याशी मी खोटं बोलनार न्हाई, आन् खरं बी मी सांगनार न्हाई. ते तुमी सांगा. संध्याकाळच्या आत सांगा."

मंजुश्री वर आली. मंगळसूत्र काढून तिनं मिक्सरशेजारी ठेवलं, कारण दुसरी जागा सुचली नाही. अंबिका क्लासला गेली होती. कुणाला आधी फोन करावा, हे ठरवण्यात भाजी लागायची वेळ आली.

देगलूरच्या आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बघते," म्हणाली. तासाभरात तिच्या मुलीचा लातुरातला मामा आला, डब्याचं झाकण तपासून घेतलं, महिन्याचा हिशेब मिटवला आणि कारण न सांगता गेला. जाताना 'येतो ताई' मात्र म्हणाला. पुढच्या गल्लीतल्या दोघींच्या आयांपैकी एकीनं फोन उचलला नाही. दुसरीनं मालकांना विचारून सांगते म्हणून ठेवून दिला.

उदगीरच्या आईचा नंबर तिनं सगळ्यांत शेवटी लावला. पहिला डबा त्यांचाच होता. तो गेला तर काय उरेल, हे तिला बघवत नव्हतं. तोवर सांगायची वाक्यं तोंडात बसली होती, तरी मध्ये दोनदा अडखळली. फारकत झाली, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, डबा बंद करायचा असेल तर मोकळेपणानं सांगा.

पलीकडं शिट्टी झाली, कुणीतरी कुकर उतरवला.

"मंजे उद्यापासून डबा न्हाई का?" बाईनं घाबरून विचारलं.

"तसं नाही. डबा आहे. तुम्हाला चालत असेल तर."

"मग आसं बोला की! मला वाटलं बंदच करायलात." बाईनं मोठा श्वास सोडला. "बरं, मी मागच्या खेपेला म्हनले होते भाजीला तेल कमी टाका, त्याचं काय झालं? पोरीच्या तोंडावर लई पुळ्या यायलेत."

कशाकशाला उत्तर द्यायचं, याची मंजुश्रीनं सकाळपासून तयारी केली होती. ही गोष्ट त्यात नव्हती.

"टाकते," ती म्हणाली. "कमी टाकते."